फाटकात बसलेला जावई

नव्या सरकारने त्या वर्षी मेंढपाळांना दोन गोष्टी दिल्या आणि एक काढून घेतली. दिली ती राहायला खोली आणि कळपाचा वंश सुधारायला मेंढा. काढून घेतला तो डोंगर.

डोंगर होता तिथेच होता म्हणा. खांद्यावर ढगाचे कांबळे टाकून बसलेल्या वडीलधाऱ्यासारखा तो खालच्या माळावरून रोज सकाळी तसाच दिसे. पण हिवाळ्यात त्याच्या कमरेभोवती काटेरी तार फिरली, तारेत एक लोखंडी फाटक बसले, आणि वरची कुरणे सरकारच्या झाडांसाठी राखून ठेवल्याचे जाहीर झाले. समुद्रापलीकडून आलेल्या त्या राज्याला हिंडणारी माणसे पाहवत नसत. उन्हाळ्यात एकीकडे आणि हिवाळ्यात दुसरीकडे सापडणाऱ्या माणसाला हाक मारायची कुठे आणि त्याच्यावर नजर ठेवायची कशी, हा त्या राज्यापुढचा मोठाच पेच होता. म्हणून माळावर खोल्यांची एक लांबलचक रांग उभी राहिली. विटांच्या भिंती, वर पत्रा, एक दार, एक खिडकी आणि भिंतीत एक खुंटी. प्रत्येक कुटुंबाला एक खोली. आणि यापुढे मुक्काम तिथेच.

घुम्याने पहिल्या दिवशी ती खुंटी बराच वेळ न्याहाळली. तिला टांगावे असे त्याच्याजवळ काहीच नव्हते. त्यांच्या लोकांचे जे काही असे ते पाठीवर तरी असे, नाही तर मनात. आणि मनातले खुंटीला टांगता येत नाही.

घुम्या हे त्याचे खरे नाव नव्हे. बोलायची वेळ आली की तो जमिनीकडे पाहत राही, आणि शब्द सापडेपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असे, म्हणून तळावर सगळे त्याला घुम्या म्हणत. आईबाप लहानपणीच गेले. वाढवले ते आत्याने. आत्याच्या तोंडाला मात्र कधी सुट्टी नसे. तळ कधी हलवायचा, पाले कुठे ठोकायची, कुणाच्या मेंढीला कोणता पाला घालायचा, हे सारे तीच ठरवी. लोक म्हणत, या घरात बोलण्याची वाटणी झाली तेव्हा आत्याने दोन्ही वाटे उचलले.

असा हा घुम्या मागच्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर लग्न ठरवून आला होता, तेही जिच्या जिभेला आणि पायांना क्षणाची उसंत नाही अशा मुलीशी. तिला सगळे भिंगरी म्हणत. तिच्या बापाचा कळप डोंगराच्या पलीकडच्या अंगाने वर चढे, यांचा अलीकडच्या. आणि निळी फुले येत त्या दिवसांत दोन्ही कळप एकाच कुरणावर भेटत. घुम्याच्या कळपाची म्होरकी, म्हणजे सर्वांपुढे चालणारी ती म्हातारी मेंढी, भिंगरीला फार आवडली होती. "मी हिच्याकडे बघून होकार दिला," ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. "हिला हाक मारली तर ही निदान बें तरी करते." सारा तळ हसला, आणि घुम्या कानापर्यंत लाल झाला. निघताना तिच्या बापाने सांगितले होते, "येत्या वर्षी फुलं सुकायच्या आत या. पलीकडेही तार येणार म्हणतात. तुम्ही आला नाहीत तर आम्ही कळप विकून सडकेच्या कामाला लागू. मग कोण कुठं असेल, सांगता यायचं नाही."

आणि आता मध्ये तार होती.

मेंढा मिळाला तो मेंढी खात्याच्या आवारात. नाकाची सालटी निघालेला एक तरुण गोरा डॉक्टर त्याला दोरीने धरून उभा होता, आणि शेजारी त्याचा कारकून. मेंढा चांगला गाढवाएवढा. मानेला कातड्याच्या घड्या, डोळ्यांवर लोकरीची झालर, गळ्यात पितळी बिल्ला. कारकुनाने घसा खाकरला.

"नीट ऐका. हा बोटीतून आलेला आहे. याला उघड्यावर झोपवायचं नाही. याच्या अंगावर काठी उगारायची नाही. हाताने ढकलायचं नाही, ओढायचं नाही. हा जिथं जाईल तिथं याची वाट कुणी अडवायची नाही. खाण्यापिण्याची आबाळ झाली तर जबाबदारी तुमची. कारण हा सरकारचा आहे."

आत्याने मेंढ्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहून घेतले.

"कामाला हात लावायचा नाही, खायला आधी बसवायचं आणि वर तोंडातून शब्द काढायचा नाही," ती म्हणाली. "जावईच दिलात की हो आम्हाला!"

आवारात हशा पिकला. डॉक्टरला काही कळले नाही, पण सगळे हसतात असे पाहून तोही लाजत हसला. त्या दिवसापासून मेंढ्याचे नाव जावईबापू पडले.

जावईबापू नावाला जागले. त्यांना चार पावले चालले की बसावेसे वाटे. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे ज्या हाकांवर चालत आली होती, त्यांतली एकही त्यांना समजत नसे. 'वळा' म्हटले की ते पाहत राहत, 'पाण्याला चला' म्हटले की डोळे मिटत. पण राहण्याचा प्रश्न आत्याने पहिल्याच संध्याकाळी सोडवला. माणसांनी खोलीत राहावे असा हुकूम होता, मेंढ्याने उघड्यावर राहू नये असाही होता. आणि खोली एकच. तिने जावईबापूंना खोली दिली आणि स्वतः घुम्यासह दारासमोर पाल ठोकून मोकळ्या हवेत सुखाने राहू लागली. आठवडाभराने कारकून तपासणीला आला. त्याने दार उघडले, तो आत जावईबापू खिडकीची चौकट चघळत उभे.

"आणि तुम्ही कुठं राहता?" त्याने विचारले.

"आम्ही माहेरची माणसं," आत्या म्हणाली. "जावयाच्या खोलीत आम्ही कसं राहायचं? बरं दिसतं का?"

कारकुनाने जावईबापूंकडे पाहिले, मग आत्याकडे, आणि दोन्ही हुकूम पाळले जात आहेत असे पाहून तो मुकाट्याने निघून गेला. थोड्याच दिवसांत रांगेतल्या निम्म्या खोल्यांत शेळ्या-मेंढ्या नांदू लागल्या. खुंट्यांना मात्र अखेरपर्यंत कुणी काही टांगले नाही.

घुम्या आणि जावईबापू यांचे सूत जमले ते लोकर कातरण्याच्या दिवसांत. कातरताना मेंढी दचकू नये म्हणून घुम्या घशातल्या घशात एक सूर धरी. विहिरीत डोकावून हुंकार द्यावा तसा तो खोल, संथ आणि शब्दांवाचून असे. बोलण्याशी आयुष्यभर फटकून राहिलेल्या त्याच्या गळ्याने सारी माया बहुधा त्या सुरातच साठवली होती. त्यांच्या मेंढ्या तो ऐकला की चारही पाय घट्ट रोवून उभ्या राहत. जावईबापूंनी तो प्रथमच ऐकला आणि भलताच अर्थ घेतला. त्यांनी आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, आणि तृप्त उसासा टाकून तिथेच बैठक मारली. त्यानंतर ते नित्याचेच झाले. घुम्याने सूर धरला की जावईबापू असतील तिथे बसत, पाणवठ्याच्या मधोमध असले तरी.

"बसवायचा सूर सापडला तुला," आत्या म्हणाली. "उठवायचा शोध की रे आता."

घुम्याने मान हलवली. उठवायचा सूर नव्हताच. जावईबापू उठत ते त्यांच्या मर्जीने.

मग ऊन तापू लागले. माळावरचे गवत मुळापर्यंत संपले. दर वर्षी या दिवसांत मेंढरांचा पाय डोंगराकडे वळे. या वर्षीही ती सकाळी उठून डोंगराकडे तोंड करून उभी राहत, आणि म्होरकी अधूनमधून मागे वळून माणसांकडे पाही. रांगेतली दोन-तीन कुटुंबे कळप विकून मोकळी झाली. त्यांचे पुरुष आता सडकेवर खडी फोडत. घुम्या दिवसभर मेंढरांमागे हिंडे, आणि वर कुठे निळे दिसते का ते पाही. इतक्या दुरून फूल दिसत नाही हे त्याला ठाऊक होते. पण न दिसणाऱ्या गोष्टीकडे पाहत बसण्याची त्याला सवय होती.

उन्हाचा खरा तडाखा बसला तो जावईबापूंना. पत्र्याखालच्या त्या खोलीत त्यांनी वैरण सोडली. डॉक्टर धावत आला. त्याने मेंढ्याच्या तोंडात बोट घालून पाहिले, पोटाला कान लावला, आणि काळजीने स्वतःच्या नाकाची आणखी सालटी काढली. दुसऱ्या दिवशी कारकून हुकूम घेऊन आला. मेंढ्याला उन्हाळाभर वरच्या थंड कुरणावर ठेवावे. सोबत एक माणूस जावा. आणि मेंढ्याला सवय घुम्याची, म्हणून तो माणूस घुम्या.

घुम्याच्या छातीत काहीतरी भर्रकन उडाले आणि लगेच खाली आले. एक माणूस. मागे कळप होता, आत्या होती, तळ होता.

आत्याने हुकूम शांतपणे ऐकला. कारकुनाची पाठ फिरताच ती पालाचे खुंट उपटू लागली.

"आत्या, एकच माणूस म्हणालेत," घुम्या म्हणाला. त्याच्या मानाने हे लांबलचक भाषण होते.

"त्यांना काय कळतंय!" आत्या म्हणाली. "जावई निघाला की मागून वऱ्हाड निघतंच."

आणि सारा तळ निघाला. पुढे बिल्ला चमकवीत जावईबापू, त्यांची दोरी सैल धरून घुम्या, मागे म्होरकी, तिच्यामागे कळप आणि कळपामागे माणसे. जावईबापू वाटेत अनेकदा बसले. ते बसले की सगळे बसत, थट्टामस्करी करीत. ते उठले की सगळे उठत. जसजशी वाट चढू लागली तसतशी हवा निवत गेली. मेंढरांच्या पाठींवरून एक थरथर मागेपर्यंत धावली, आणि कित्येक महिन्यांनी कोकरांनी विनाकारण उड्या मारल्या.

फाटकावर शिट्टीमामा उभा होता.

शिट्टीमामाला त्या टापूतली सगळी मेंढरे ओळखत. तो एके काळी याच तळावर होता. दोन बोटे तोंडात घालून तो शिट्टी घाली तेव्हा दरीपलीकडचा कळपही माना वर करी. म्हणून तर त्याचे नाव. पण तार आधी फिरली ती नेमकी त्याच्या चराईवर. त्याने कळप विकला, आणि त्याच तारेवर पहाऱ्याचे काम धरले. आता त्याच्या अंगावर बटणांचा कोट होता आणि गळ्यात सरकारी पत्र्याची शिट्टी.

"अक्का, हे काय?" तो म्हणाला. "मला मेंढा आणि एक माणूस येणार म्हणून सांगितलंय."

"आलेत की. हा मेंढा, आणि हा माणूस."

"आणि मागं हा समुद्र कसला?"

"वऱ्हाड."

शिट्टीमामाच्या मिशीखाली काहीतरी हलले, पण त्याने ते आवरले. "मस्करी नको, अक्का. सरकारी जनावराशिवाय कुणाला सोडायचं नाही, असा हुकूम आहे."

"हे बघ मामा," आत्या पुढे सरली. "यातल्या निम्म्या मेंढ्या गाभण आहेत, तेही या जावईबापूंच्याच कृपेनं. म्हणजे पोटातलं सरकारचं आणि वरचं कातडं आमचं. आता तूच सांग, पोट वर पाठवू आणि कातडं खाली ठेवू?"

"पोटातल्यांच्या गळ्यात बिल्ला कुठाय?"

"मग घाल ना हात आणि बांध!"

मागे हशा उसळला. शिट्टीमामाही हसला, आणि मग त्याचे हसू मावळले. तो आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, माझ्या हातात असतं तर… पोराला जाऊ दे. लग्न ठरलंय ना त्याचं? कालच वरून माणूस आला होता. ते लोक अजून वर आहेत, पण पालं आवरायला लागलेत. निदान याचं तरी होऊन जाऊ दे."

आत्या गप्प झाली. आत्या गप्प झाली हे कळायला तळाला थोडा वेळ लागला, कारण असे कधी घडलेच नव्हते. तिने घुम्याच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली, खांद्यावरचे लोकरीचे चार तंतू उचलले.

"जा बाळा," ती म्हणाली. "आमचं आम्ही बघू खाली. तिला म्हणावं, म्होरकीनं तुला बें केलंय."

शिट्टीमामाने फाटक उघडले. ते करकरत आतल्या बाजूला गेले. घुम्या दोरी धरून निघाला. समोर वाट होती. लहानपणापासून दगडान्‌दगड ओळखीची. तिच्या टोकाला, वळणापलीकडे, भिंगरी होती. पाच-दहा पावलांत तो तारेपलीकडे गेला असता, मागे फाटक लागले असते, आणि त्याला हवे होते ते सारे त्याला मिळाले असते.

मागून म्होरकीने हाक दिली. अगदी साधी, थोडी घोगरी. वळणावर माणूस दिसेनासा झाला की ती दर वेळी देई तशी.

घुम्या थांबला. जावईबापूंचे पुढचे पाय फाटकाच्या आत होते, मागचे बाहेर. त्याने जमिनीकडे पाहिले, जसा तो नेहमी पाही. आणि शब्द शोधायच्या भानगडीत न पडता त्याने घशात तो सूर धरला.

जावईबापूंनी पुढचे गुडघे टेकले. मग मागचे. उसासा टाकून ते फाटकाच्या ऐन मध्यावर ऐसपैस बसले.

"हे काय? उठव त्याला," शिट्टीमामा म्हणाला.

"मामा," घुम्या म्हणाला, "ते रुसलेत."

आत्याने तोंडाला पदर लावला.

शिट्टीमामाने मेंढ्याभोवती एक फेरी मारली. फाटक लावावे तर मध्ये मेंढा. ढकलावे तर हुकूम नाही. काठी तर उगारायचीही नाही. "अहो, उठा की," तो शेवटी मेंढ्यालाच म्हणाला. "अशी अडवणूक करू नका गरिबाची."

"असं नाही हं जावयाला मनवत," मागून कुणीतरी ओरडले. "मान दे, मान!"

तोवर मेंढरे पुढे सरकली होती. जावईबापूंच्या दोन्ही अंगांना कळप निघेल एवढी जागा होती. पण लोखंडाचा तो वास त्यांच्या ओळखीचा नव्हता, म्हणून ती नाके लांब करून घुटमळत उभी राहिली. शिट्टीमामाने त्यांना मागे हटवायला पत्र्याची शिट्टी फुंकली. तिचा कर्कश आवाज सगळ्यांच्या कानांत घुसला, पण मेंढरांना त्यातून काहीच कळले नाही. ती नुसती एकमेकींत शिरली. एक कोकरू तारेकडे पळाले आणि काट्यांत अडकता अडकता वाचले.

ते पाहून शिट्टीमामाचा हात आपोआप वर गेला. त्याने दोन बोटे तोंडात घातली.

ती शिट्टी दरीत उतरली, पलीकडच्या कड्याला लागून परत आली. मेंढरांनी माना वर केल्या. म्होरकीने कान टवकारले, शिट्टीमामाकडे पाहिले, त्याच्या बटणांच्या कोटाकडे पाहिले, आणि आतला माणूस ओळखीचा आहे अशी खात्री करून ती जावईबापूंना वळसा घालून फाटकातून आत गेली. तिच्यामागे सारा कळप गेला. डोहातला दगड मध्ये ठेवून पाणी दोन्ही बाजूंनी वाहते, तसा तो वाहत गेला. शिट्टीमामा बोटे तोंडात धरून उभा होता; मागे रेंगाळणाऱ्यांसाठी त्याने शिट्टी पुन्हा घातली, वाट सोडणाऱ्यांसाठी निराळी घातली, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असताना सबंध चेहरा हसत होता.

शेवटचे कोकरू आणि त्यामागची माणसे आत गेली तेव्हा जावईबापूंना वरून आलेली गार झुळूक लागली असावी. ते आपणहून उठले, अंग झाडले, आणि आयुष्यात प्रथमच झपझप चालत कळपामागे निघाले.

शिट्टीमामाने बोटे कोटाला पुसली. "मी खाली हाकलत होतो हं," तो म्हणाला. "सवय गेली माझी. मेंढरं वरच गेली."

"साफ गेली सवय," आत्या म्हणाली. "साहेबाला काय सांगशील?"

"खरं तेच सांगेन. सरकारचं जनावर फाटकात बसलं, आणि हुकुमाप्रमाणे मला उठवता आलं नाही."

"चल मामा, तूही वर चल."

त्याने वळणापलीकडे जाणाऱ्या धुळीकडे पाहिले. क्षणभर वाटले, तो येईल. मग त्याने गळ्यातली शिट्टी सरळ केली. "फाटक कोण लावणार?" तो म्हणाला, आणि त्याने ते सावकाश लावले, आपण आतल्या बाजूला उभे आहोत की बाहेरच्या, हे त्याला एकदा पाहून घ्यावे लागले.

ती करकर घुम्याच्या कानांत पुढे पुष्कळ वेळ राहिली. पुढच्या वर्षी इथे दुसरा पहारेकरी असेल, हुकूम निराळा असेल, आणि या वाटेवर शिट्टी घालणारे कुणी उरले असेल की नाही कोण जाणे, असे त्याच्या मनात आले. पण तेवढ्यात वळण सरले.

कुरण निळे होते. कडांना सुकू लागलेले, पण निळेच. पलीकडच्या टोकाला अर्धी पाले उतरवलेली होती आणि एक माणूस खुंट उपटता उपटता थांबून उभा राहिला होता. त्याच्या मागून भिंगरी सुसाट धावत आली, थेट म्होरकीच्या गळ्यात पडली, आणि मग तिने मान वर केली.

"इतका उशीर? आम्ही निघालोच होतो! आणि एवढा कळप आणलात कसा? फाटक आहे ना? पहारा आहे ना? आणि हे गाढवाएवढं काय आहे? अरे, बोल की! काय सांगितलंस तू फाटकावर?"

घुम्याने जमिनीकडे पाहिले. सारा तळ, दोन्हीकडची माणसे, कान देऊन उभी होती. आत्या सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात तिने ते स्वतःच मिटले.

घुम्याने सूर धरला.

जावईबापूंनी फुलांत पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, आणि उसासा टाकून बैठक मारली. भिंगरीने डोळे विस्फारून आधी मेंढ्याकडे पाहिले, मग घुम्याकडे. मग ती खळखळून हसली. इतकी हसली की तिला उभे राहवेना. आणि जिला कुणी कधी जागेवर बसलेले पाहिले नव्हते ती भिंगरी, तो सूर चालू होता तोवर, मेंढ्याच्या पाठीला टेकून फुलांत बसून राहिली.